पदर, ओढणी आणि मालिकेतली सून

जून 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात 39 कंटेनर अडवले. आत 1,115 टन माल होता, किंमत सुमारे नऊ कोटी. कागदोपत्री तो दुबईहून आलेला होता, प्रत्यक्षात पाकिस्तानातला. मुख्यतः खारीक. पहलगामच्या हल्ल्यानंतर, 2 मे 2025 रोजी, केंद्राने पाकिस्तानी मूळ असलेल्या प्रत्येक वस्तूची आयात बंद केली होती, मग ती थेट येवो किंवा तिसऱ्या देशातून वळसा घालून. त्या कारवाईला ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’ असं नाव होतं. बंदराभोवतीच्या गावांत त्या आठवड्यात हाच विषय होता.

त्याच आठवड्यात उरणच्या बाजारात मी भाचीबरोबर कपडे घ्यायला गेले होते. दुकानदाराने कौतुकाने काढून दाखवलं, “ताई, हा पाकिस्तानी बघा.” लांब, सरळ शिवणीचा कुर्ता, गळ्याला भरतकाम, सैल पायजमा, मोठी ओढणी. पाकिस्तानी म्हणजे कुठला, असं विचारल्यावर तो हसला. “सुरतचा. पॅटर्न पाकिस्तानी.” खारीक बंदरात अडकली होती आणि पॅटर्न दुकानात टांगलेला होता. नकाशावरच्या रेषा खारकेला अडवतात, कपड्याच्या कापाला नाही, हे मला माहीत होतं. पण हा काप इथे पोचला कसा? भाचीकडे त्याचं उत्तर तयार होतं: मालिकांतून.

हा लेख त्या उत्तराच्या मागे लागून लिहिला आहे. मालिका आणि कपडे यांच्यावर आपल्याकडे बरंच लिहिलं जातं, पण ते बहुतेक ‘अमुकच्या साडीची क्रेझ’ अशा तऱ्हेचं असतं. मला वेगळा प्रश्न पडतो. मालिकेतल्या बाईला काय करायची मुभा आहे आणि ते करताना तिने काय नेसलेलं असावं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे? मराठी मालिका मी पहिल्यापासून पाहत आले, आणि पाकिस्तानी मालिका 2014 पासून. दोन्ही शेजारी ठेवल्या की काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

2014 हे साल ‘ज़िंदगी’ वाहिनीचं. झी समूहाने 23 जून 2014 रोजी ती सुरू केली आणि ‘ज़िंदगी गुलज़ार है’, ‘हमसफ़र’ या मालिका आपल्या घराघरांत आल्या. त्याआधी ऐंशीच्या दशकात पाकिस्तानी नाटकांच्या व्हिडिओ कॅसेट मुंबईत फिरत होत्या, पण त्या आमच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. उरीच्या हल्ल्यानंतर, सप्टेंबर 2016 मध्ये, वाहिनीने पाकिस्तानी कार्यक्रम थांबवले. पुढे प्रेक्षक यूट्यूबवर गेला. 2024 साली ‘कभी मैं कभी तुम’ पाहणाऱ्या मुली मला पनवेलच्या लोकलमध्येही भेटल्या. मे 2025 मध्ये ती दारंही बंद झाली.

या मालिका आल्या तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना पहिल्यांदा जाणवली ती शांतता. ढणाढण संगीत नाही, एकेका चेहऱ्यावर तीन वेळा कॅमेरा आपटणं नाही, आणि गोष्ट संपते. ‘हमसफ़र’ 23 भागांत संपली, ‘ज़िंदगी गुलज़ार है’ 26 भागांत. आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 अशी अकरा वर्षं चालली, भाग तीन हजारांच्या वर. हा फरक नुसत्या लांबीचा नाही. आठवड्यातून एकदा येणाऱ्या आणि सहा महिन्यांत संपणाऱ्या मालिकेत कपडे बदलू शकतात, जुने होऊ शकतात. ‘ज़िंदगी गुलज़ार है’मधली कशफ विद्यार्थिनी असताना तिच्या अंगावर तेच तेच सुती कुर्ते दिसतात. ती स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी अधिकारी होते तेव्हा कापड थोडं चांगलं होतं, पण माणूस तेच राहतं. रोज रात्री येणाऱ्या मालिकेत हे जमत नाही. प्रेक्षक भाकरी थापता थापता मान वळवून पाहतो, मधले चार भाग त्याचे बुडालेले असतात. त्याला क्षणात कळायला हवं की चांगली कोण आणि वाईट कोण. मग कपडे गणवेशासारखे होतात.

या गणवेशाचं सर्वांत ठसठशीत उदाहरण ‘माझ्या नवऱ्याची बायको’. 2016 ला सुरू झाली, 2021 पर्यंत चालली. नागपूरकडची राधिका साडीत, शनाया तोकड्या कपड्यांत, मधे गुरुनाथ. शनायाची भूमिका आधी रसिका सुनीलने केली, मग ईशा केसकरने, मग पुन्हा रसिकाने. बाई बदलली तरी प्रेक्षकाला अडचण आली नाही, कारण शनाया म्हणजे ते कपडे होते. माझं म्हणणं असं नाही की मालिकेने राधिकेला दुबळं दाखवलं. उलट ती मसाल्यांचा धंदा उभारते, नवऱ्याला सोडते, दुसरं लग्न करते. 1999 साली ‘आभाळमाया’तल्या सुधा जोशीला यातलं किती करता आलं असतं? सुधा प्राध्यापक होती, स्वतःच्या पायावर उभी होती, नवऱ्याचं बाहेरचं नातं तिने सोसलं, आणि सुकन्या कुलकर्णींनी ते सोसणं फार संयमाने उभं केलं. पण तिचं दुसरं लग्न त्या वेळी कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. वीस वर्षांत गोष्ट बरीच पुढे गेली आहे. ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये सून सासूचं लग्न लावते, निवेदिता सराफांची आसावरी विधवा, सासऱ्याच्या धाकातली, पन्नाशीकडची. ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती पंचवीस वर्षांचा संसार मोडून बाहेर पडते, गाणं करते, पुन्हा लग्न करते. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’ची ही गोष्ट हिंदीत ‘अनुपमा’ झाली, म्हणजे मागणी एकट्या महाराष्ट्राची नव्हती.

पण या तिघींना शेजारी उभं करून पाहा. आसावरी, अरुंधती, राधिका. तिघी साडीत. तिघी रांधणाऱ्या, वाढणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. घर सोडायची मुभा त्यांना मिळाली ती या अटीवर की त्या घर सोडणाऱ्या बाईसारख्या दिसणार नाहीत. सावकाराकडे कर्ज काढताना काहीतरी तारण ठेवावं लागतं, तशी साडी इथे तारण ठेवलेली आहे. अरुंधतीसमोरची संजना पाहा. नोकरी करणारी, नीटनेटकी, रूपाली भोसलेने चांगली केलेली भूमिका. तिचा गुन्हा अनिरुद्धच्या गुन्ह्याएवढाच, फार तर अर्धा. पण तिला तारण ठेवायला काही नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं फेड तिच्याकडूनच झाली.

इथे पाकिस्तानी मालिका वेगळ्या निघतील असं मला वाटलं होतं. काही बाबतींत त्या वेगळ्या आहेत. त्यांच्याकडे मंगळसूत्र नाही, आणि याचा परिणाम मला सुरुवातीला समजला नव्हता. आमच्या आईला पडद्यावरची बाई लग्नाची की बिनलग्नाची हे कळायचं नाही आणि ती वैतागायची. आपल्या मालिकेत बाईचा गळा पाहिला की तिची सगळी कुंडली कळते: सवाष्ण, विधवा, घटस्फोटित, लग्न ठरलेली. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये जान्हवीच्या गळ्यातलं मंगळसूत्र एवढं गाजलं की सोनाराकडे आणि एक ग्रॅमवाल्याकडे बायका ते मालिकेच्या नावाने मागायच्या. जान्हवी बँकेत नोकरी करत होती. तिची पर्स किंवा तिचा डबा मागणारं कुणी मला भेटलं नाही. तिला सासवा होत्या सहा. सहा जणींना सांभाळून नोकरी कशी होते, हा खरा विषय होता आणि मालिकेने तो गोड करून टाकला.

तर गळ्यात खूण नसलेल्या त्या बाया आम्हाला काही काळ मोकळ्या वाटल्या. हळूहळू दिसायला लागलं की खूण गळ्यातून निघून दुसरीकडे गेली आहे. ‘हमसफ़र’मधली खिरद साधी, ओढणी नीट घेणारी. तिच्याविरुद्ध सारा, शहरी, आधुनिक कपड्यांतली. ही आपली राधिका आणि शनायाच की. ‘ज़िंदगी गुलज़ार है’ तर मला आवडलेली मालिका. उमेरा अहमद यांचं लेखन आणि सुलताना सिद्दीकी यांचं दिग्दर्शन. मुलगा नाही म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं, तरी तीन मुलींना शिकवणारी रफिया ही आई मला कितीतरी मराठी आयांपेक्षा खरी वाटते. पण त्याच मालिकेत जारूनची आई आणि बहीण, श्रीमंत घरातल्या, हवं ते घालणाऱ्या, हवं तेव्हा बाहेर जाणाऱ्या, यांना संसार सांभाळता येत नाही असं पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. बहिणीचं लग्न मोडतं. अस्मारा जारूनची वाग्दत्त, तिच्याशीही त्याचं बिनसतं ते तिच्या मोकळेपणावरूनच. कशफचा मोठेपणा उभा करताना बाजूच्या तीन बायकांना खाली बसवलं आहे. पहिल्यांदा पाहताना मला हे दिसलं नाही. फवाद खान पडद्यावर असताना फारसं काही दिसत नाही, हेही कबूल करते.

‘मेरे पास तुम हो’ (2019) मध्ये तर झाकपाकही उरली नाही. तिथे बायको गरीब नवऱ्याला सोडते आणि तिची हाव तिच्या कपड्यांवरून, दागिन्यांवरून मोजली जाते. शेवटचा भाग जानेवारी 2020 मध्ये चित्रपटगृहांत दाखवला गेला इतकी ती चालली. लेखक खलील-उर-रहमान कमर यांच्या बायकांविषयीच्या बोलण्यावरून तिथल्या स्त्रियांनी पुष्कळ टीका केली, हे इथे सांगायला हवं. पाकिस्तानी मालिका म्हणजे पाकिस्तानी बायकांचं मत नव्हे, जसं आपल्या मालिका म्हणजे आपलं मत नव्हे.

त्या देशाच्या दूरचित्रवाणीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. जनरल झिया यांच्या राजवटीत पीटीव्हीवर बायकांनी डोकं झाकावं असा हुकूम निघाला. मेहताब चन्ना (पुढच्या मेहताब अकबर राशदी) या निवेदिकेने तो मानला नाही आणि पडदा सोडला. आता विरोधाभास पाहा. त्याच काळात हसीना मोईन यांनी ‘अनकही’, ‘तनहाइयाँ’, ‘धूप किनारे’ लिहिल्या. त्यांतल्या मुली नोकरी शोधतात, धंदा करतात, डॉक्टर होतात, विनोद करतात, चुकतात आणि त्यासाठी कुणी त्यांना शिक्षा करत नाही. कपड्यांवर सरकारी हुकूम होता तेव्हा मुलगी मोकळी होती. 2002 नंतर खासगी वाहिन्या आल्या, कपडे मोकळे झाले आणि मुलगी रडू लागली. असं सरळ समीकरण मांडणं थोडं घाईचं होईल, ‘उडारी’सारखी (2016) मुलांवरच्या लैंगिक अत्याचारावर बोलणारी मालिकाही खासगी वाहिनीवरच आली. तरीही आपल्याकडच्या दूरदर्शनच्या काळाशी आणि नंतरच्या वाहिन्यांशी ताडून पाहिलं तर चाल ओळखीची वाटते. बाजार आला की बाईला कपडे मिळतात, आणि कपडे आले की त्यांचा हिशोब द्यावा लागतो.

आपल्या बाजाराने साडीला जे केलं त्याचं उत्तम उदाहरण ‘होम मिनिस्टर’. 2004 ला आदेश बांदेकर पहिल्यांदा कुणाच्या घरी पैठणी घेऊन गेले तेव्हा त्यात काहीतरी सुंदर होतं. ज्या बाईला घरात कुणी नाव घेऊन हाक मारत नाही तिला टीव्हीवर कुणीतरी विचारत होतं की तुम्ही कशा आहात. मी तो कार्यक्रम थट्टेवारी नेणाऱ्यांपैकी नाही. पण 2022 मध्ये ‘महा मिनिस्टर’ करताना पैठणी 11 लाखांची झाली, सोन्याची जर आणि हिरे लावलेली. तेवढ्या पैशांत किती पोरींचं शिक्षण होईल, अशी टीका तेव्हा झाली. मला वेगळंच वाटलं. ती साडी नेसून ती बाई जाणार कुठे?

आता मी जिथे राहते तिथलं बोलते, कारण या सगळ्यात एक कपडा कुठेच दिसत नाही. बंदर 26 मे 1989 ला सुरू झालं. त्याआधी हा प्रदेश भाताचा, मासळीचा आणि मिठागरांचा. आमच्या आयाबाया गुडघ्यापर्यंत घट्ट कासोटा मारलेलं लुगडं नेसायच्या, कारण चिखलात उतरायचं होतं, मीठ ओढायचं होतं, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा होता. त्या लुगड्याला पोटऱ्या उघड्या राहण्याची लाज नव्हती. जानेवारी 1984 च्या जमिनीच्या आंदोलनात, ज्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उतरले आणि गोळीबारात पाच जण गेले, तेव्हाही बायका याच नेसणीत रस्त्यावर होत्या. ही नेसण मराठी मालिकेत मला दिसली ती विनोदी प्रसंगात किंवा कोळीगीतावरच्या नाचात. नाचातही ती चकचकीत कापडाची, शिवून तयार केलेली. आगरी किंवा कोळी बाई सासू आहे, मुलाच्या लग्नाची काळजी करते, बँकेत साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे कागद घेऊन बसते, अशी मालिका मी अजून शोधते आहे.

माझ्या आईने ‘ज़िंदगी गुलज़ार है’चे काही भाग आमच्याबरोबर पाहिले. कशफ बस पकडते आहे, एका हातात वह्या, एका हाताने ओढणी सावरते आहे. आई म्हणाली, “हिला ओरनी सांभालता सांभालता काम कवा व्हईल?” मी हसले होते. नंतर लक्षात आलं की एवढी नेमकी टीका मला कुठे वाचायला मिळाली नव्हती. आईने तो कपडा कामाच्या मापाने मोजला. शालीनतेच्या मापाने मोजायचं तिच्या मनातही आलं नाही. आणि ती काही बंडखोर वगैरे नव्हती. मी दहावीला असताना ‘पंजाबी ड्रेस’ मागितला तर तिनेच नको म्हटलं होतं, लोक काय म्हणतील म्हणून. दुसऱ्या प्रांताचं नाव असलेला तो कपडा आमच्याकडच्या सुनांना मिळायला पुढे पंधरा वर्षं लागली. आजही लग्न ठरवताना ‘आमच्याकडे ड्रेस चालतो’ हे वाक्य औदार्य म्हणून ऐकवलं जातं.

आणखी एक कपडा गायब आहे तो म्हणजे गाऊन. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, चाळीत, सोसायटीत सकाळी जा. दूध घेणारी, पाणी भरणारी, पोराला बसपर्यंत सोडणारी बाई गाऊनवर असते, वरून ओढणी किंवा टॉवेल टाकलेला. हा आपल्या गेल्या तीस-चाळीस वर्षांतला सर्वांत मोठा पोशाखबदल आहे, कुणाच्याही परवानगीशिवाय झालेला, आणि त्यावरचा तो टॉवेल म्हणजे बायकांनी स्वतःच काढलेली तडजोड. मालिकेत मात्र नायिका झोपते तीही निऱ्या न मोडता. पाकिस्तानी नायिकाही इस्त्रीच्या लॉनमध्येच झोपते. सर्वांत खरा कपडा दोन्ही देशांच्या पडद्यावर येत नाही, कारण त्यात बाई चांगली की वाईट हे कळत नाही. ‘रंग माझा वेगळा’मध्येही असंच झालं. सावळ्या मुलीची गोष्ट सांगायला रेश्मा शिंदेला काळा रंग फासला. गोष्ट वर्णभेदाविरुद्धची आणि निवड त्याच भेदाची.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, बाई, मालिका आहेत, त्या बघायच्या आणि विसरायच्या. तसं होत नाही. आमच्या आगरी लग्नात धवलारीण असायची. विधी तिच्या गाण्यांतून पुढे जायचे, मांडवात तिचा शब्द चालायचा. लुगडं नेसलेली, बहुधा निरक्षर, आणि लग्न लावणारी. आता हळदीला डीजे असतो, पिवळ्या साड्यांचा सेट असतो, फुलांचे दागिने असतात, मेंदीचा वेगळा दिवस असतो. हळदीचा खर्च आवरा असं समाजाच्या बैठकांत दरवर्षी बोललं जातं आणि दरवर्षी तो वाढतो. जमिनीचा पैसा आला हे एक कारण. तो पैसा कसा दिसला पाहिजे हे मालिकांनी शिकवलं, हे दुसरं. ‘पुढचं पाऊल’मधल्या अक्कासाहेबांच्या साड्या आणि दागिने आमच्याकडच्या वरमायांनी कसे उचलले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हर्षदा खानविलकरांच्या त्या ठसक्यात सत्ता होती, आणि सत्ता दिसायची तर अशी, एवढं प्रत्येकीने घेतलं. धवलारणीच्या सत्तेला दागिना लागत नव्हता. म्हणून ती कुणाला दिसलीच नाही.

म्हणून ‘कभी मैं कभी तुम’ मला महत्त्वाची वाटते. फरहत इश्तियाक यांचंच लेखन, ज्यांनी ‘हमसफ़र’ लिहिली. शरजीना नोकरी करते, नवरा बरेच दिवस कमवत नाही, सासरी जमत नाही म्हणून दोघं वेगळी राहतात. तिच्यासमोर वाईट कपड्यांतली वाईट बाई फारशी उभी केलेली नाही. भांडण आहे ते पैशाचं, वेळेचं, पुरुषाच्या डोक्यात यश गेल्याचं. हानिया आमिरचे कुर्ते भारतात खूप पाहिले गेले, पण कथेत ते कुर्ते कशाचा पुरावा म्हणून येत नाहीत. एकाच लेखिकेचा तेरा वर्षांतला हा प्रवास आहे. आपल्याकडच्या कुठल्या मालिकेबद्दल असं म्हणता येईल? पहिले काही आठवडे तसं वाटतं, मग टीआरपी घसरतो आणि संजना नाहीतर शनाया बोलावून आणावी लागते.

भाचीने तो सुरतचा पाकिस्तानी घेतला, नऊशेला. घरी आल्यावर ओढणी वेगळी काढून कपाटात ठेवली. म्हणाली, कुर्ता जेएनपीटीच्या बसला बरा आहे, ओढणी दरवाजात अडकते. तिला आजीचं वाक्य ठाऊक नव्हतं. त्या वेळी ती फार लहान होती.